बॉल चिमी चालवते

९ नोव्हेंबर, बोर्डी

लहानपणी सुट्टीत मी हर्षदाकडे यायचे. दुपारची जेवणं आटोपून घरातली मोठी माणसं आडवी झाली, की आम्ही तिघी अनवाणी पुढच्या खोलीत यायचो. हर्षदा टीव्हीचं लाकडी शटर दोन्ही हातांनी हळूहळू सरकवायची, कारण ते मध्ये एका जागी करकरायचं. आवाजाचं बटण मी आधीच बंद करून ठेवलेलं असायचं. मग चटई, चटईवर आम्ही, आणि काळ्या पडद्यावर मधोमध एक तुटक रेघ, दोन बाजूंना दोन काठ्या आणि इकडून तिकडे जाणारा एक पांढरा चौकोन. त्याला आम्ही बॉल म्हणायचो. चौकोनी बॉल कसा असेल, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. बाहेर वाडीत चिकू उतरवणं चाललेलं असायचं, भिंतीपलीकडून काकांचं घोरणं यायचं, आणि हसू दाबून दाबून आमची पोटं दुखायची.

आज घोलवड स्टेशनला उतरून रिक्षाने इकडे येताना हेच सगळं आठवत होतं. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता, म्हणजे मी एकटीच हसत असणार.

घर अजून नीटनेटकं आहे. ओटीवरच्या लाल-पिवळ्या लाद्या, झोपाळा, मागे वाडी, आणि वारा फिरला की समुद्राचा वास. हर्षदा चाकाच्या खुर्चीत दारातच बसली होती. गणपतीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एवढ्या बोलक्या बाईपाशी आता एकच शब्द उरलाय, "हां". पण त्या एका हांमध्ये ती रागावते, विचारते, चेष्टासुद्धा करते. माझी सुटकेस बघून तिने जो हां काढला, त्याचा अर्थ सरळ होता, चंदे, एवढं काय आणलंस?

तिचा मुलगा अमृत जहाजावर इंजिनियर आहे. मधूनच उतरता येत नाही. त्याने फोनवर विचारलं, मावशी, डिसेंबरच्या मध्याला मी येतो, तोवर आईजवळ राहाल का? मी त्याला म्हटलं, तुझी आई तुझ्या हातात देईन आणि मगच ठाण्याला परतेन. हे गेल्यापासून मला तरी तिथे कोण आहे?

कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला रोज रोजनिशी लिहायला लावायच्या, इंग्रजीत, शाईने, समास सोडून. शाई आणि समास अजून आहेत. इंग्रजी तेवढं सुटलं.

१२ नोव्हेंबर

हर्षदाचं न्हाणं-खाणं बघायला संगिता येते. झरीहून सकाळी शेअर रिक्षाने येते आणि दिवे लागायच्या आत जाते. तिचं तोंड सतत चालू असतं. हर्षदाला बाय म्हणते, मला ताई. मला काल म्हणाली, ताई, तुम्ही भात एवढा जपून खाता, कोणी मोजायला बसलाय का?

फिजिओथेरपीवाली मुलगी आज सांगून गेली, की डाव्या हाताला काहीतरी फिरवायला द्या, बोटं जागी राहतील. ती गेल्यावर हर्षदा माझ्याकडे बघून अंगठा आणि बोट हवेत फिरवत राहिली. मला आधी कळेना. मग तिने बंद टीव्हीकडे मान वळवली आणि हां म्हणाली, अगदी चोरट्या आवाजात, जणू काका अजून पलीकडे घोरतायत.

संगिताला पोटमाळ्यावर चढवलं. शाळेच्या जुन्या रेक्झिनच्या पिशवीत सगळं होतं. हर्षदाच्या काकांनी मस्कतहून आणलेला तो डबा, त्याचे दोन नॉब आणि त्यांच्या वायरी. वायरीच्या टोकाला पिन, ती डब्याच्या मागे खोचायची. नॉब फिरवला की आपली काठी वर-खाली होते. एवढाच खेळ. पंधरा गुण झाले की डाव संपला.

पिशवीच्या तळाशी साबणाचा एक गुलाबी डबा होता. मी तो पदराने पुसला.

तो चिमीचा. चिमी म्हणजे हर्षदाची धाकटी बहीण, तेव्हा पाच वर्षांची. नॉब दोन आणि आम्ही तिघी, म्हणून चिमी रडायची. मग हर्षदाने साबणाच्या डब्याला भोक पाडून जुन्या रेडिओचं बटण बसवलं, हातभर वायर जोडली, आणि वायरीचं दुसरं टोक चटईखाली खोचून दिलं. चिमीला सांगितलं, आमच्या काठ्या आम्ही चालवतो, बॉल तू चालवतेस. चिमीने ते खरं मानलं. दोघींच्या मध्ये बसून, जीभ बाहेर काढून, ती बटण पिळायची आणि बॉल तिच्या मनासारखा गेला की आमच्याकडे विजयाने बघायची. दुसरीकडे गेला तर म्हणायची, मीच पाठवला तिकडे.

ती आमची लिंबूटिंबू. म्हणजे खेळात घ्यायचं पण मोजायचं नाही. तिच्यावर राज्य येत नाही. ती कधी आऊट होत नाही. बाकी दोघींमध्ये जी हरेल तिने चटईवरून उठायचं, असा आमचा नियम होता. चिमीला उठावं लागायचं नाही.

चिकू खाऊन झाला की ती बी चोखून चोखून लखलखीत करायची आणि जिंकणारीच्या मांडीवर बक्षीस म्हणून ठेवायची.

त्याच वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, तिला ताप आला. मी बोर्डिंगात होते. सिस्टरांनी मला चॅपलमध्ये नेऊन सांगितलं. सुट्टीत बोर्डीला आले तेव्हा टीव्हीचं शटर बंद होतं आणि खेळ कुठे आहे, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर

डहाणूहून प्रविण आला. टीव्ही-फ्रिज दुरुस्त करतो. शटरचा टीव्ही बघून आधी त्याने त्याच्याबरोबर सेल्फी काढला. मग पाठ उघडून, फुंकून, काहीबाही बदलून दुपारी पडद्यावर मुंग्या आणल्या, आणि त्या मुंग्यांतून काळा पडदा, तुटक रेघ आणि दोन काठ्या.

मी चटई घातली. हर्षदाला खाली लोडाला टेकवून बसवलं, डाव्या हातात नॉब दिला. मी दुसरा घेतला. आणि मधल्या रिकाम्या जागेवर, का कोण जाणे, पण जागा रिकामी बघवेना म्हणून, साबणाचा डबा ठेवला. वायरीचं टोक चटईखाली खोचलं, हर्षदा खोचायची तसंच. तिचे डोळे भरून आले. माझेही.

संगिता दाराला टेकून हसत होती. म्हणाली, आमच्या पाड्यावर पोरं मोबाईलवर माणसं मारतात, ताई. तुमचा हा चौकोन कोणाला मारतो?

मी म्हटलं, कोणालाच नाही गं, नुसता येतो आणि जातो.

हर्षदा जिंकली. मी मुद्दाम हरले नव्हते.

१९ नोव्हेंबर

रोज दुपारी खेळतो. आवाज बंदच ठेवते. आता कोणाची झोपमोड व्हायची नाही, पण सवय. हर्षदाची बोटं खरंच सुधारली आहेत. काल तिने स्वतः चमचा धरला. अमृतला कळवलं, त्याने हसरे चेहरे पाठवले.

आज खेळून उठताना तिच्या मांडीवर चिकूची बी होती. चोखून लखलखीत केलेली, ओली. मला वाटलं संगिताने चेष्टा केली. तिला विचारलं तर ती म्हणाली, मी चिकू खातच नाय, दात आंबतात.

अजून एक. बॉल एकदा हर्षदाच्या काठीपाशी पोहोचण्याआधी थांबला. हर्षदाचा हात वर यायला उशीर झाला होता. काठी जागेवर येईपर्यंत बॉल हवेत उभा राहिला आणि मग आपटून परत गेला. हर्षदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जुनं यंत्र आहे, अडकत असेल.

लहानपणीही असं झालं असतं, तर आम्ही कोणाला शाबासकी दिली असती ते मला माहीत आहे.

२३ नोव्हेंबर

आज बॉल वळला.

हे यंत्र बॉल वळवू शकत नाही. तो सरळ जातो, भिंतीला आपटतो, सरळ परत येतो. आज तो हर्षदाच्या काठीसमोरून आला, आणि काठीला लागणार तेवढ्यात खाली वाकून, कडेने, जिन्यावरून उतरावं तसा निघून गेला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. माझ्याकडे येणारा प्रत्येक बॉल मात्र अलगद काठीवर. मी काठी हलवली नाही तरी.

मी पंधरा. हर्षदा आऊट.

गंमत म्हणून मी जुन्यासारखं म्हटलं, चला उठा आता, दुसऱ्याला जागा द्या. म्हणायला नको होतं. तिला उचलून खुर्चीत बसवताना तिची करंगळी आणि शेजारचं बोट लोंबत होती. चिमटा काढला तरी तिला कळलं नाही.

फिजिओवाल्या मुलीला फोन केला. म्हणाली, दमल्या असतील.

साबणाचा डबा उचलला तर त्याचं बटण गरम होतं. हातात बराच वेळ धरल्यावर होतं तसं.

२५ नोव्हेंबर

खेळायचं नाही असं ठरवलं होतं. पण हर्षदाने दुपारी खुर्चीतूनच शटरकडे बोट केलं आणि हां, हां करत राहिली, लहान मूल हट्टाला पेटतं तशी. मला वाटलं बोटांना व्यायाम होईल. बसलो.

पुन्हा मी पंधरा. ती एकसुद्धा नाही.

आता डावा हात मनगटापर्यंत गेलाय. ज्या हाताने चमचा धरला होता, त्याच्याकडे ती बघत होती.

प्रविणला बोलावून विचारलं, बॉल वळतो का रे? तो हसला. म्हणाला, ताई, यात मेंदूच नाही, वळेल कशाने.

२६ नोव्हेंबर

शटर बंद केलं, त्यापुढे खुर्ची लावली. टीव्हीची वायर भिंतीतून काढली, खेळाच्या डब्यातले सेल काढून स्वयंपाकघरात ठेवले. जेवून मी ओटीवर झोपाळ्यावर बसले होते, संगिता मागे कपडे वाळत घालत होती. आतून करकर ऐकू आलं. शटर मध्ये एका जागी करकरतं तोच आवाज.

जाऊन बघते तर शटर उघडं. पडद्यावर खेळ. माझी काठी आपोआप. हर्षदाची काठी मेलेली, तळाशी पडलेली. बॉल तिच्या बाजूने जातोय, येतोय, जातोय, आणि माझा आकडा चढतोय. चाकाच्या खुर्चीत हर्षदा. बोटं गेलेला तिचा हात कोपरातून हवेत फिरतोय, बॉल अडवू बघतोय.

मी टीव्हीवर चादर टाकली. चादरीमागेही तो पांढरा चौकोन दिसत होता.

संध्याकाळी तिचा डावा खांदा.

मला समजलंय. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आऊट होणारीने उठायचं, हा आमचा नियम. हर्षदा प्रत्येक डावाला थोडी थोडी उठतेय. तिची जागा दुसऱ्या कोणाला हवी आहे.

२७ नोव्हेंबर

साबणाचा डबा समुद्रात टाकून यावा म्हणून उचलला. वायरीचं टोक चटईखाली होतं, ते ओढलं.

वायर हातभर आहे. मी स्वतः ती बघितली आहे. हातभर ओढून झाली तरी ती येतच राहिली. मग ताणली गेली. मी जरा जोर केला.

पलीकडूनही ओढलं गेलं. जोरात नाही. लहान मुलाच्या ताकदीने.

चटई उचलून बघितली नाही. माझ्याने झालं नाही.

२८ नोव्हेंबर

चॅपलमध्ये म्हणायचो त्या सगळ्या प्रार्थना म्हटल्या. आजीची रामरक्षा म्हटली. शटर उघडलंच.

हर्षदाला श्वास घ्यायला त्रास होतोय. अमृत अजून समुद्रावर आहे. एवढी जिवंत राहा गं. एवढे दोन आठवडे काढ.

मी काहीतरी करणार आहे. एकच गोष्ट आहे जी या घरात नेहमी चालली.

२९ नोव्हेंबर

चाललं.

दुपारी शटर उघडायच्या आधीच मी हर्षदाला चटईवर घेतलं, साबणाचा डबा तिच्या मांडीत ठेवला, तिचा हात त्यावर ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, लहानपणी म्हणायचो तसं, टाळी वाजवून, हर्षदा लिंबूटिंबू, हर्षदा लिंबूटिंबू, तिच्यावर राज्य नाही, ती आऊट नाही.

शटर उघडलं. बॉल मध्यभागी येऊन थांबला. बराच वेळ थांबला. मग पडदा काळा झाला.

हर्षदाचा श्वास सरळ झाला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. संगिताने चहा करून आणला.

२ डिसेंबर

हर्षदा खूप बरी आहे. हात खांद्यापासून बोटांपर्यंत परत आला. दिवसभर मांडीतल्या डब्याचं बटण फिरवत असते. डोळ्यांत चमक आहे.

आणि आज ती बोलली. मी तिचे केस विंचरत होते, तर स्पष्ट, गोड आवाजात म्हणाली, चंदीताई.

मला इतका आनंद झाला की मी अमृतला आवाज पाठवायला फोन उचलला. नंबर लावता लावता हात थांबला.

हर्षदा मला कधी ताई म्हणाली नाही. आम्ही एका वयाच्या. ती मला चंदे म्हणते.

चंदीताई म्हणणारी एकच होती.

३ डिसेंबर

ती झोपत नाही. डोळे मिटत नाही. मी सकाळी उठते तेव्हा बटण फिरत असतं, झोपायला जाते तेव्हाही.

संगिताने सांगितलं, आधी सांगायला घाबरली होती. दिलेला घास गालात तसाच राहतो. ती रोज बोट घालून काढते. पाणी ओठातून परत येतं. परवापासून पोटात काही नाही, आणि बाय हसते. संगिता म्हणाली, ताई, बाय जेवत नाय नि झिजतही नाय. हे बरं नाय.

मी तिच्या पापणीला बोट लावलं. लवली नाही.

४ डिसेंबर

डॉक्टर येऊन गेले. स्टेथोस्कोप खूप वेळ लावून ठेवला, जागा बदलून बदलून. बोटाला लावायचं यंत्र झटकलं, स्वतःच्या बोटाला लावलं, परत तिच्या. मग बॅग आवरताना म्हणाले, माझं यंत्र बिघडलंय, उद्या सकाळी ॲम्ब्युलन्स बोलावतो, डहाणूला दाखल करू. माझ्या डोळ्यात बघत नव्हते. जाताना हर्षदा त्यांच्याकडे बघून हसली आणि त्यांनी चपला हातात घेतल्या, बाहेर जाऊन घातल्या.

मनगट मी पण धरून बघितलं. बटण फिरतंय तेवढीच हालचाल. आत काही नाही.

मी अमृतला काय देणार आहे?

५ डिसेंबर, सकाळ

ॲम्ब्युलन्स आली. चौघांनी धरूनही तिला चटईवरून उचलता आलं नाही. एवढीशी बाई. त्यांनी चटईसकट उचलायचं बघितलं. चटई उचलली गेली नाही. मग ते एकमेकांशी गुजरातीत काही बोलले आणि आणखी माणसं घेऊन येतो म्हणून गेले.

संगिता ओटीवर माझ्याजवळ येऊन बसली. आत यायला तयार नाही, पण मला सोडून जायलाही तयार नाही. गप्प बसणं तिला जमत नाही, म्हणून लहानपणचं काहीतरी सांगत बसली. ती भावंडांत शेंडेफळ, तिलाही लिंबूटिंबू करायचे. पकडलं तरी सोडून द्यायचे. सगळे आऊट होऊन भाकरी खायला घरी जायचे आणि ही शेतात एकटीच पळत राहायची. कोणी आऊट म्हणेचना, तर घरी कशी जाणार? एक दिवस तिचा मोठा भाऊ लाहू याने तिला खरोखर पाठीत धपका घातला आणि ओरडला, आऊट. ताई, मी नाचत घरी गेले, ती म्हणाली. आऊट झाले म्हणजे मी खेळात होते ना.

मी आत चटईकडे बघितलं.

चिमी घरी गेलीच नाही. तिला आऊट कोणी म्हटलंच नाही. इतकी वर्षं ती पळतेय, कोणीतरी मोजावं म्हणून. आणि मी माझ्या हातांनी हर्षदालाही तेच केलं. वाचवते म्हणून. ती आता मरणार नाही. कधीच—

संगिताला घरी पाठवलं. तिने निघताना माझा हात सोडला नाही, मीच सोडवला.

५ डिसेंबर, दुपार

एकच उपाय आहे. सगळ्यांना पक्कं करायचं, म्हणजे खेळात मोजायचं. चिमीला खरा नॉब द्यायचा आणि खरं खेळायचं. ती हरली तर तिला आऊट म्हणायचं, आणि ती घरी जाईल. मग हर्षदाला. तिचं जे काय व्हायचं ते माणसासारखं होऊ दे.

मी हरले तर मी उठेन. म्हणून आधी हे लिहून ठेवते.

माझ्या हातातल्या पाटल्या संगिताला. ती नको म्हणेल, तरी द्याव्यात. माझी पुस्तकं कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत. ठाण्याच्या घराचं काय करायचं ते अमृतने ठरवावं, ते त्याचंच आहे. मोत्याचं पेन त्याच्या मुलीला. टीव्ही प्रविणला देऊ नये, त्याने कितीही मागितला तरी. माझी शाल हर्षदाच्या अंगावर राहू द्यावी.

—

साबणाचा डबा तिच्या मांडीतून काढला. बोटं एकेक करून सोडवावी लागली. कपाटात ठेवला, किल्ली लावली.

दोन्ही नॉबच्या पिना डब्यामागे खोचल्या, नीट बघितल्या. एक माझ्या हातात. एक मधल्या जागेवर. मोठ्याने म्हटलं, आज लिंबूटिंबू कोणी नाही. हर्षदा पक्की. चिमी पक्की. मी पक्की.

शटर करकरलं.

—

मधला नॉब फिरतोय. आपोआप. तिची काठी डगमगतेय, पहिल्यांदाच खरी चालवतेय ना. सुटले तिचे दोन बॉल. जीभ बाहेर असेल.

मी चांगलं खेळतेय.

—

बॉल मध्यभागी थांबलाय. ती मला लिहू देतेय. नेहमीच अशी होती, कोणी पाणी प्यायला उठलं तर थांबायची—

बॉल पुन्हा सुरू झाला. माझी काठी छान खेळते. एकही सुटला नाही. मी लिहितेय तरी सुटत नाही—

माझ्या मांडीवर बी आहे. ओली.

—

माझ्या नॉबची वायर बघितली. पिन डब्यामागे नाही.

चटईखाली खोचलेली आहे.

नीट. हर्षदा खोचायची तशी.

—

ती मला आऊट होऊ देणार नाही. तिचा जीव आहे माझ्यावर. हसतेय कोणीतरी, दाबून दाबून. हर्षदा? दोघी.

डावा हात थांबत नाही. नॉब खाली ठेवता येत नाही. भूक लागली होती मघाशी, आता नाही.

अमृत, वर लिहिलेलं सगळं खोड. पाटल्या, घर, सगळं. ते मेलेल्या माणसाचं असतं. आता सांगते ते कर. एक नॉब आईला दे. एक चिमीला. पिना स्वतः लाव, खेळताना पुन्हा पुन्हा बघ. मला काही देऊ नकोस. माझ्या हातातला आधी काढ, बोटं मोडली तरी चालतील, आणि मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं, म्हण, मावशी पक्की, मावशी आऊट, असं म्हण, आणि तू चटईवर बसू नकोस, काही झालं तरी, ती म्हणेल दादा बस, मधली जागा रिकामी आहे, तर तू